वीज जाऊन आली की पीएलसीचा आयपी बदलतो. मोडेमचं डीएचसीपी बंद करू का?

तुमच्या अंबड एमआयडीसीतल्या पॅनलमध्ये सिमवर चालणारा मोडेम, पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आणि एचएमआय (ऑपरेटरचा स्क्रीन) आहे, म्हणून थेट सेटिंग सांगतो. डीएचसीपी, म्हणजे आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय, बंद करू नका, फक्त त्याची रेंज आवरा.

मोडेमचा लॅन आयपी १९२.१६८.५०.१ आणि मास्क २५५.२५५.२५५.० ठेवा. डीएचसीपीला १९२.१६८.५०.१०० ते १५० एवढेच पत्ते द्या. सर्व्हिसला आलेल्याचा लॅपटॉप त्यावर चालेल. पीएलसीला १९२.१६८.५०.१०, एचएमआयला १९२.१६८.५०.११ हे पत्ते त्या-त्या यंत्रातच हाताने भरा. मॅकवरून (यंत्राच्या हार्डवेअर पत्त्यावरून) मोडेममध्ये पत्ता राखून ठेवता येतो, म्हणजे रिझर्व्हेशनही करता येतं, पण पीएलसी बदलला की मॅक बदलतो. रात्रपाळीत ते कोण शोधणार?

सगळ्यात जास्त घोळ गेटवेच्या (बाहेर जायच्या वाटेच्या) रकान्यात होतो. पीएलसीमध्ये तो रिकामा राहिला, तर शेजारच्या लॅपटॉपवरून पिंग लागतं, बाहेरून मात्र काहीच नाही, कारण उत्तर परत कुठून पाठवायचं हे पीएलसीला कळत नाही. तिथे मोडेमचाच लॅन आयपी हवा.

आता सिमकडचा पत्ता बघा. तो १०. ने किंवा १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर तो पब्लिक पत्ता नाही, म्हणून इंटरनेटवरून पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी आत पीएलसीकडे वळवणं) चालणार नाही. त्याऐवजी मोडेममधूनच बाहेर व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) जोडा. पब्लिक स्टॅटिक आयपी मिळाला तरी मॉडबसचं (पीएलसीशी बोलायच्या पद्धतीचं) ५०२ पोर्ट उघडं टाकू नका, त्याला पासवर्डच नसतो.

व्हीपीएन जोडताना नाशिक रोडच्या ऑफिसचं नेटवर्कही १९२.१६८.५० नाही ना, तेवढं आधी तपासा, नाहीतर दोन्हीकडचे पत्ते एकमेकांत अडकतील.