राष्ट्रवादी असूनही राज्यसत्ता आणि भांडवलशाही, दोन्ही नाकारणारी विचारसरणी असू शकते का?

हो, आणि तिची मुळं बरीच जुनी आहेत. फ्रान्समध्ये १९११ साली ‘सर्कल प्रुधाँ’ हे मंडळ निघालं. नाव अराजकतावादी, म्हणजे राज्यसत्ताच नको म्हणणारा, विचारवंत प्रुधाँ याचं, पण आत राजेशाहीचे समर्थक राष्ट्रवादी आणि क्रांतिकारी कामगार चळवळीतले लोक एकत्र बसले होते. संसदीय लोकशाही आणि भांडवलदार हे त्यांचे सामाईक शत्रू. त्यांच्यातल्या जॉर्ज व्हालवाने १९२५ मध्ये ‘फेसो’ ही फॅसिस्ट संघटना काढली. पुढे तोच डावीकडे वळला, नाझींच्या विरोधात उतरला आणि १९४५ मध्ये बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मेला.

रशियात १९९३ मध्ये लेखक लिमोनोव्ह आणि राष्ट्रवादी विचारवंत दुगिन यांनी राष्ट्रीय बोल्शेविक पक्ष काढला. त्याचा झेंडा बघा: लाल कापड, मधोमध पांढरं वर्तुळ, म्हणजे थेट नाझी झेंड्याची मांडणी, फक्त स्वस्तिकाच्या जागी कम्युनिस्टांचा विळा-हातोडा, काळ्या रंगात. मात्र या पक्षाला राज्यसत्ता नको नव्हती असं नाही, उलट बलाढ्य साम्राज्यच हवं होतं.

राज्यसत्ता खरोखर नाकारतो तो ‘राष्ट्रीय अराजकतावाद’. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये अतिउजव्या चळवळीतल्या ट्रॉय साउथगेटने तो मांडला. सरकार नको, बड्या कंपन्या नकोत. छोट्या स्वायत्त वस्त्या असाव्यात, पण वंशानुसार वेगळ्या. माझा आक्षेप इथेच आहे. बहुतेक अराजकतावादीही याला आपलं मानत नाहीत. वस्तीत कोणी राहायचं हे जन्मावरून ठरणार असेल, तर नकोशा माणसाला बाहेर काढायला कुणाला तरी दंडुका हातात घ्यावाच लागतो.