विचारा की! – खाकी कव्हरवरचे आकडे

मावशी, नमस्कार. निपाणीत एका रद्दीवाल्याकडून किलोच्या भावानं सात इंग्रजी कादंबऱ्या उचलल्या, सगळ्या 'स्टार वॉर्स' या अंतराळ-सिनेमांच्या गोष्टी पुढं नेणाऱ्या. 'व्हेक्टर प्राइम'पासून सुरुवात केली, तर त्यात चंद्र कोसळून नायक हान सोलोचा केसाळ जोडीदार च्युबाका मरतो. २०१५ च्या सिनेमात मात्र तो हानच्या शेजारी धडधाकट! एका पुस्तकावर 'लेजेंड्स' असा पट्टा आहे. मित्र म्हणतो, ही पुस्तकं रद्द झालीत, तू रद्दीच घेतलीस. कथेतल्या काळाप्रमाणे लावलेला एक तक्ता मिळाला, तो डोक्यावरून गेला. यादी सोबत पाठवतोय. कुठून सुरू करू? – एक विद्यार्थी, निपाणी

मित्राचा विनोद बरा आहे, पण रद्द आणि रद्दी यांत फरक आहे. झालं ते असं. २०१२ साली डिस्नेनं लुकासफिल्म, म्हणजे 'स्टार वॉर्स' काढणारी कंपनी, विकत घेतली आणि नवे सिनेमे काढायचं ठरवलं. तोवर कादंबरीकारांनी जुन्या सिनेमांनंतरची वर्षं लग्नं, पोरंबाळं आणि मरणं यांनी अशी काही भरून टाकली होती की नव्या पटकथेला पाय टेकायला जागा उरली नव्हती. म्हणून एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झालं, की सिनेमे आणि 'क्लोन वॉर्स' मालिका तेवढी प्रमाण मानायची. जुन्या कादंबऱ्या मिळत राहतील, पण 'लेजेंड्स', म्हणजे दंतकथा, या पट्ट्याखाली. तुझा च्युबाका एका घरी मेलाय, दुसऱ्या घरी जिवंत आहे, एवढंच.

पोथीतल्या क्षेपक ओव्या काढून टाकतात तशातला हा प्रकार नाही. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती मूळ कर्त्याचे शब्द हाती लागावेत म्हणून. इथं फक्त मालक बदलला. त्याच २०१४ साली, १ नोव्हेंबरला, सरकारी कागदावर आमचं गाव 'बेळगावी' झालं. माझ्या वाचनालयाच्या रबरी शिक्क्यावर अजून 'बेळगाव'च आहे, आणि त्या कारणानं कुणी पुस्तक परत करायचं थांबलेलं नाही. (थांबतात ते निराळ्या कारणांनी. नावं माझ्या वहीत आहेत.)

आता क्रम. तो तक्ता बाजूला ठेव. कथेतल्या काळाप्रमाणे वाचायला बसलास तर हजारो वर्षं मागून सुरुवात करावी लागेल, आणि ती मागची पुस्तकं बहुतेक नंतर लिहिलेली आहेत. त्यांच्या लेखकांनी धरूनच ठेवलेलं असतं की तुला पुढचं ठाऊक आहे. त्यापेक्षा पुस्तक उलटून आतलं कॉपीराइटचं पान बघ आणि ते पहिल्यांदा कधी निघालं ते वर्ष शोध. छपाईच्या वर्षाला फसू नकोस. तळाशी आकड्यांची ओळ असते, त्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे ती कितवी छपाई, बाकी काही नाही. पहिल्या प्रकाशनाचं वर्ष प्रत्येक पुस्तकावर पेन्सिलीनं लिही. मग दोन ढीग कर, २०१४ च्या त्या घोषणेआधीचा आणि नंतरचा, आणि ते एकमेकांत मिसळू नकोस.

जुन्या ढिगात तुझं सर्वांत थोरलं पुस्तक 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय', १९७८ चं. पहिला सिनेमा पडला तर कमी पैशांत पुढचा काढता यावा म्हणून ॲलन डीन फॉस्टरनं ते बेतलं होतं, म्हणून त्यात सगळं धुक्यात घडतं आणि हान सोलोचा पत्ता नाही. सिनेमांचा नायक ल्यूक आणि राजकन्या लेया बहीण-भाऊ निघणार हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, ते १९८३ ला कळलं. त्यामुळं ल्यूकच्या मनात जे काही चाललंय ते वाचून तू दचकशील. दचक आणि पुढं जा. शिवलीलामृताचा अकरावा अध्याय घरोघरी एकटाच वाचतात, तसं हे एकटं वाचायचं, मागचं-पुढचं काही न जुळवता.

त्यानंतर टिमथी झानच्या त्रयीतलं पहिलं, 'एअर टू द एम्पायर', १९९१. (एअर म्हणजे इथं हवा नव्हे, वारस.) खरी सुरुवात इथून. 'व्हेक्टर प्राइम' १९९९ चं, एकोणीस पुस्तकांच्या मालिकेतलं पहिलं, आणि तुझ्या यादीतलं 'स्टार बाय स्टार' त्यातलं नववं. मधली सात मिळेपर्यंत त्याला हात लावू नकोस, खूप माणसं मरतात आणि तुला त्यांची ओळखही नसेल. नव्या ढिगात 'अ न्यू डॉन' (२०१४) आणि 'थ्रॉन' (२०१७). हे दुसरंही झानचंच. थ्रॉन हा त्या त्रयीतला निळ्या कातडीचा सेनापती. तो जुन्या ढिगाबरोबर दंतकथेत गेला होता, २०१६ ला एका मालिकेतून परत आला, आणि त्याची गोष्ट पुन्हा सांगायला त्यालाच बोलावलं. दोन्ही थ्रॉन वाच. मला जुना जास्त आवडतो.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतेय, पण एकदा मीच घोळ घातलाय. शहापूरला वाचनालय चालवत होते तेव्हा प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे. झानची ही त्रयी कॅम्पातून बदली होऊन जाणाऱ्या एका घराकडून सुटी सुटी आली, आणि मी आली त्या क्रमानं आकडे टाकले. पहिलं आलं 'द लास्ट कमांड', म्हणजे तिसरं. त्यावर ठळक '१'. एका बाईंनी ते नेलं, आठ दिवसांनी परत आणलं आणि म्हणाल्या, "चांगलं आहे हो, पण हा माणूस कुणाची ओळखच करून देत नाही." मी म्हटलं, नव्या पद्धतीचं लिखाण असेल. दुसरं आणि तिसरं वाचून झाल्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, फक्त अनामत रक्कम परत मागितली.

'स्टार ट्रेक'मधली 'डीप स्पेस नाइन' ही मालिका १९९९ ला संपली. पुढची गोष्ट कादंबऱ्यांत मिळते म्हणून चिकाटीनं वाचल्या. मग २०२० ची 'पिकार्ड' मालिका पाहिली, तर त्यातलं काहीच जुळेना. आमची मेहनत फुकट? – एक शिक्षक, खानापूर

सर, 'स्टार ट्रेक'मध्ये पडद्यावर दिसेल तेच प्रमाण आणि कादंबरी कुणावर बंधनकारक नाही, हा रिवाज जुना आहे. तरी २००१ च्या 'अवतार' या कादंबरीपासून (शब्द आपलाच) लेखकांनी ठरवून एकमेकांची पुस्तकं जुळवत नेली आणि वीसएक वर्षं तो संसार नेटका चालवला. 'पिकार्ड' आल्यावर तो मोडणं भागच होतं. पण 'स्टार वॉर्स'सारखं नुसतं परिपत्रक काढून नाही मोडला. २०२१ मध्ये तिघा लेखकांनी 'कोडा' नावाची तीन पुस्तकं लिहून त्या विश्वाला रीतसर शेवट दिला. तुम्ही 'कोडा'पर्यंत पोचला नसाल तर थांबू नका. ती मात्र सगळ्यांत शेवटी. सुरुवात तिथून केलीत तर बाराव्याच्या जेवणाला जाऊन मयत कोण होतं असं विचारल्यासारखं होईल.

'एलियन'च्या कादंबरीत कप्तान डॅलस कोषात जखडलेला सापडतो. थिएटरात पाहिलेल्या सिनेमात हे नव्हतं. फूटपाथवरून घेतलेली प्रत बनावट असेल काय? – टिळकवाडी

प्रत बनावट असेलही, पण या पुराव्यावरून नाही. असली पुस्तकं सिनेमाबरोबर दुकानात यावी लागतात, म्हणून लेखकाला पटकथेवरून लिहावं लागतं आणि सिनेमाची कापाकापी त्यानंतर होते. तो प्रसंग चित्रित झाला होता, १९७९ ला गाळला आणि २००३ च्या दिग्दर्शकाच्या आवृत्तीत परत घातला. हे पुस्तकही त्या फॉस्टरचंच. 'स्टार वॉर्स'ची पहिली कादंबरीही त्यानंच लिहिली, छापली गेली जॉर्ज लुकासच्या नावानं, आणि बाजारात आली १९७६ मध्ये, सिनेमाच्या सहाएक महिने आधी. त्यातही ल्यूकच्या मित्राचे, पडद्यावर न आलेले प्रसंग आहेत.

ता. क. निपाणीच्या विद्यार्थ्यास – तुझ्या यादीत झानचं पहिलं आणि तिसरं आहे, मधलं 'डार्क फोर्स रायझिंग' नाही. माझी प्रत अजून कपाटात आहे. बेळगावला येशील तेव्हा घेऊन जा. कव्हरवर '३' लिहिलेलं दिसेल, तिकडं लक्ष देऊ नकोस.