जे कधीच कळणार नाही, ते खरे असू शकते का?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात एक वाद सुटता सुटत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला पोचली. ‘त्या गाडीतून उतरलेल्यांपैकी पागोटे घातलेल्यांची संख्या सम होती’, हे विधान खरे की खोटे, हे आता कोणालाही ठरवता येणार नाही. एका सदस्याच्या मते ते तरीही दोहोंपैकी एक आहेच. दुसरे म्हणतात की, जे पडताळता येत नाही त्याच्या खरेपणाबद्दल बोलणे निरर्थक आहे. यावर त्यांना ‘मग ज्याचे त्याचे सत्य वेगळे!’ असे ऐकावे लागले. कोणाचे बरोबर? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : शेवटच्या टोमण्यापासून सुरुवात करतो, कारण तो अन्यायाचा आहे. सत्याला पडताळणीची कसोटी लावणारा माणूस सत्य प्रत्येकाच्या मर्जीवर सोडत नाही. उलट तो पुराव्याबाबत इतरांपेक्षा अधिक काटेकोर असतो. गाडी आली, याविषयीही आपल्या दुसऱ्या सदस्यांना शंका नाही, कारण त्याचा भरपूर पुरावा आहे.

पहिल्या सदस्यांची भूमिका वास्तववादी आहे आणि दुसऱ्यांची वास्तववादविरोधी. या वादाला आजचे स्वरूप प्रामुख्याने मायकल डमेट (१९२५–२०११) या ब्रिटिश तत्त्वज्ञाने दिले. १९५९ मधील सत्यविषयक निबंधापासून त्यांनी ‘अमुक वस्तू अस्तित्वात आहे का’ हा जुना प्रश्न बाजूला ठेवून, एखादे विधान आपल्या जाणण्याच्या क्षमतेपलीकडे खरे असू शकते का, असा प्रश्न विचारला. त्यांचा युक्तिवाद भाषेच्या आकलनावर उभा आहे. एखादे वाक्य केव्हा म्हणावे आणि केव्हा मागे घ्यावे, हे पाहत आणि चुका सुधारून घेत आपण भाषा शिकतो; म्हणून अर्थ समजल्याची खूण आपल्या वापरात दिसली पाहिजे. पण विधान खरे असण्याची स्थिती जर अशी असेल की ती समोर असूनही आपल्याला कधीच ओळखता येणार नाही, तर ती स्थिती आपल्याला ‘समजली आहे’ हे वापरात कोठे दिसणार?

यावर वास्तववाद्याचे उत्तर असे की, पागोटे म्हणजे काय, सम संख्या म्हणजे काय आणि भूतकाळ म्हणजे काय, हे आपण मोजता-पाहता येणाऱ्या प्रसंगांतूनच शिकलो, आणि या घटकांची जुळणी झाली की वाक्याचा अर्थ लागतो. प्रत्येक वाक्यासाठी स्वतंत्र पडताळणीची गरज नसते. मला हे उत्तर वजनदार वाटते. मात्र त्याने वाद मिटत नाही, कारण जुळणीतून लागलेला अर्थ पडताळणीच्या पलीकडे जातो की तिच्या मर्यादेतच राहतो, हे त्या जुळणीवरून ठरत नाही.

आपल्याकडच्या न्याय-वैशेषिक परंपरेने या दोन भूमिकांची वाटणी वेगळ्या रीतीने केली आहे, हे येथे जाता जाता नोंदवण्याजोगे आहे. नैयायिक, म्हणजे या परंपरेतले विचारवंत, कट्टर वास्तववादी, तरीही जे जे आहे ते ते ज्ञेय म्हणजे जाणता येण्याजोगे आहे, असे ते मानतात. माणसाला न कळणारे ईश्वराला कळते, ही सोय त्यांच्या दर्शनात आहे; डमेटना केवळ माणसाच्या क्षमतेवर भागवावे लागते.

आपल्या उदाहरणापुरते सांगायचे तर खुद्द डमेटच उतारवयात पहिल्या सदस्यांच्या बरेच जवळ आले. सत्य आणि भूतकाळ यांविषयीच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात त्यांनी पडताळणीची अट सैल केली : योग्य वेळी योग्य ठिकाणी असलेल्या माणसाला ज्याची खात्री करून घेता आली असती, ते खरे मानण्यास त्यांची हरकत उरली नाही. त्या दिवशी ठाण्याला गाडीपाशी उभ्या असलेल्या कोणालाही पागोटी मोजता आली असती. तेव्हा विधान खरे तरी आहे किंवा खोटे तरी, आणि आपण ते जाणू शकत नाही हा निव्वळ आपल्या उशिरा जन्मण्याचा परिणाम आहे. या प्रश्नावर माझे मत पहिल्या सदस्यांच्या बाजूने आहे.

परंतु त्यांनी लगेच विजय साजरा करू नये. गणिती क्रिस्टियान गोल्डबाख यांनी १७४२ मध्ये समकालीन गणिती ऑयलर यांना लिहिलेल्या पत्रातून पुढे आलेले अनुमान घ्या : दोनपेक्षा मोठी प्रत्येक सम संख्या दोन मूळ संख्यांची बेरीज असते. ते अजून सिद्ध झालेले नाही, आणि एकही अपवाद सापडलेला नाही. सम संख्या अनंत असल्यामुळे येथे ‘त्या वेळी तेथे उभा असलेला’ मोजणारा कल्पनेतही आणता येत नाही. कोणतेही विधान खरे किंवा खोटे असतेच, हा नियम अनंत समूहांना सरसकट लावण्यास डच गणिती ब्रोवर यांनी १९०८ मध्ये हरकत घेतली, ती अशाच विधानांमुळे. नीट पाहिले तर हे अनुमान ‘खरेही नाही आणि खोटेही नाही’, असे ते म्हणत नाहीत. सिद्धता किंवा अपवाद हाती येईपर्यंत ‘दोहोंपैकी एक आहेच’ असा दावा करण्याचा आपल्याला अधिकार नाही, एवढेच त्यांचे म्हणणे आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत पागोट्यांऐवजी हे अनुमान ठेवावे, आणि सिद्धताच अस्तित्वात नसेल तर ते कशामुळे खरे ठरते, हे पहिल्या सदस्यांना विचारावे.