पेशी इंट्रॉन दर वेळी कापूनच टाकते, तर उत्क्रांतीने ते ठेवले कशाला?

तुम्ही विचारलंय की प्राण्यांच्या जीन्समध्ये एवढे इंट्रॉन, म्हणजे प्रोटीनच्या सूचना नसलेले मधले तुकडे, का असतात, आणि जीनची आरएनए नक्कल बनल्यावर ते कापून फेकायचेच असतील तर लाखो वर्षांत ते गळून का गेले नाहीत. यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, ते आले कुठून हा एक आणि आज त्यांचा उपयोग काय हा दुसरा, आणि बहुतेक उत्तरं इथेच घसरतात. "एका जीनपासून अनेक प्रोटीन्स बनवता यावीत म्हणून इंट्रॉन आले" हे वाक्य तर सर्रास दिसतं. उलटं आहे ते. आधी इंट्रॉन आले, उपयोग मागाहून लागला.

पसारा किती आहे ते आधी बघा. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिन या प्रोटीनचा माणसातला जीन साधारण 22 लाख डीएनए अक्षरांचा आहे, आणि सगळी काटछाट होऊन उरणारा एमआरएनए (ज्यावरून प्रोटीन बनतं तो) जेमतेम 14 हजारांचा, म्हणजे 99 टक्क्यांहून जास्त भाग इंट्रॉनच. तो एकदा वाचून काढायला पेशीला 16 तास लागतात! 1977 मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या लॅबमध्ये ॲडिनोव्हायरस या विषाणूच्या डीएनएवर त्याचाच एमआरएनए चिकटवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तेव्हा डीएनएचे काही तुकडे जोडीदार न मिळाल्यामुळे फुगून बाहेर आलेले दिसले, तेच इंट्रॉन. 1993 चं नोबेल त्यालाच.

आता आले कुठून. काही बॅक्टेरियांमध्ये ग्रुप टू इंट्रॉन नावाचा प्रकार सापडतो, तो स्वतःच स्वतःला आरएनएमधून कापून घेतो आणि वर डीएनएमध्ये दुसरीकडे उडी मारून बसतो, अगदी आयत्या बिळावर नागोबा. आपल्या पेशीतलं स्प्लायसिओसोम म्हणजे कापणारं मशीन हुबेहूब तीच केमिस्ट्री वापरतं, मधल्या एका ए अक्षराला टोक जोडून फासासारखा आकार करायचा आणि मग तो सोडून द्यायचा, आणि त्या मशीनच्या गाभ्यातलं पीआरपी8 हे प्रोटीन ग्रुप टू इंट्रॉनच्या स्वतःच्या एन्झाइमशी मिळतंजुळतं आहे. त्यामुळे जो बॅक्टेरिया पुढे मायटोकाँड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग) झाला त्याच्यासोबत हे घुसखोर आत आले आणि जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएत, पसरले, हीच कल्पना मला सगळ्यात पटते. आणि हे फार जुनं प्रकरण आहे बरं का. प्लॅटिनेरीस नावाच्या समुद्री किड्याचे जीन्स 2005 मध्ये तपासले तर त्यातले बरेचसे इंट्रॉन माणसात जिथे आहेत नेमके तिथेच निघाले, फळमाशीत मात्र त्यातले खूप गायब. म्हणजे आपण मिळवले असं नाही, माशीने घालवले.

मग आपण का नाही घालवले? एका इंट्रॉनचा तोटा इतका किरकोळ असतो की नैसर्गिक निवडीला तो दिसण्यासाठी लोकसंख्या प्रचंड लागते. उत्क्रांतीचे अभ्यासक मायकेल लिंच यांचं म्हणणं हेच, बॅक्टेरियांची संख्या अफाट म्हणून तिथे असला कचरा टिकत नाही, प्राण्यांची तुलनेने फारच कमी म्हणून आपल्यात तो नशिबाने टिकून जातो. शिवाय काढायचा तर अक्षरन् अक्षर मोजून काढावा लागतो, एक अक्षर इकडेतिकडे झालं की पुढचं सगळं प्रोटीन बिघडलं.

उपयोगांपैकी अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंगबद्दल (स्प्लायसिंग म्हणजे ही कापून जोडणी, तीच वेगवेगळ्या प्रकारे केली की एका जीनपासून वेगवेगळी प्रोटीन्स) सगळेच लिहितात, फळमाशीच्या डीस्कॅम जीनपासून 38,016 प्रकार बनू शकतात वगैरे, ते सोडतो. दुसरं म्हणजे जीन चालू बंद करणारी बटणं इंट्रॉनमध्ये असतात, आणि कधीकधी भलत्याच जीनच्या इंट्रॉनमध्ये. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता युरोपियन लोकांत ज्या बदलामुळे आली तो दुधातली साखर पचवणाऱ्या लॅक्टेजच्या जीनमध्ये नाहीच, शेजारच्या एमसीएम6 या जीनच्या तेराव्या इंट्रॉनमधलं एक अक्षर आहे ते.

पण माझा आवडता उपयोग वेगळाच आहे, वेळ काढणे. उंदराच्या गर्भात मणक्यांचे ठोकळे साधारण दर 2 तासांनी एक असे पडतात आणि त्या घड्याळात हेस7 नावाचा जीन असतो, त्याचं प्रोटीन तयार झालं की ते स्वतःच्याच जीनला बंद करतं, मग प्रोटीन संपतं, जीन परत चालू. हे हेलकावे चालू राहायला मध्ये थोडा उशीर लागतोच, लगेच बंद झालं तर सगळं एका पातळीवर येऊन थांबेल. जपानमधल्या कागेयामा यांच्या गटाने या जीनचे तिन्ही इंट्रॉन काढून टाकले, प्रोटीनमधलं एकही अमिनो ॲसिड बदललं नाही, फक्त सुमारे 19 मिनिटांचा उशीर गेला, आणि घड्याळच बंद पडलं, मणके आणि बरगड्या एकमेकांत चिकटलेल्या. 2013 मध्ये त्यांनी तीनपैकी एकच इंट्रॉन ठेवला तर घड्याळ उलट जोरात पळायला लागलं आणि मानेच्या भागात मणके जास्त झाले. कापून फेकलेल्या भागाची लांबी हीच इथे माहिती आहे. घाई असते तिथे याच्या उलट, फळमाशीचा एचएसपी70 हा उष्णतेच्या झटक्यात लागणारा जीन बिनइंट्रॉनचा आहे, कारण तेवढ्या गरमीत स्प्लायसिंगच अडकतं.

म्हणून प्रत्येक इंट्रॉनला काम असतंच असं मात्र समजू नका. फुगू माशाकडे जीन्स साधारण आपल्याइतकेच, इंट्रॉनची संख्याही जवळपास तीच, तरी जीनोम आपल्या आठव्या हिश्शाएवढा, कारण त्याचे बहुतेक इंट्रॉन चारेकशे अक्षरांच्या आत आटपतात. आपले लांबलचक झालेत ते बरेचसे आलू आणि लाइन1 सारखे उड्या मारणारे तुकडे त्यात येऊन मेले म्हणून, आणि त्या लांबीत मी तरी काही अर्थ शोधत बसणार नाही.