नेते, लेखक आणि गोष्टीतली पात्रे अशी कितीतरी माणसे एकाच नावाची असतात. तुमच्या माहितीतले असे नाव कोणते?

माझे उत्तर: गोपाळ. गोपाळ हरी देशमुख म्हणजे लोकहितवादी. १८४८ पासून ‘प्रभाकर’ या साप्ताहिकात शतपत्रे लिहून त्यांनी आपल्याच समाजाची खरडपट्टी काढली. पण खरी गंमत १८८८ मध्ये निघालेल्या ‘सुधारक’ या वृत्तपत्राची आहे. मराठी बाजू गोपाळ गणेश आगरकरांची, तर इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखल्यांची! एकाच पत्रात दोन गोपाळ, आणि स्वभाव दोन टोकांचे. आगरकरांनी तर सनातन्यांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा जिवंतपणीच पाहिली. लेखकांत गो. नी. दांडेकरही गोपाळच. पात्र हवे असेल तर बंगाली लोककथांतला हजरजबाबी गोपाळ भांड घ्या. आपल्याकडे बिरबलाचे किस्से चालतात, तिकडे त्याचे.