मिरी, पेढी आणि ल्यूथर

प्रश्न : आमच्या वेंगुर्ल्यात डचांच्या वखारीचे अवशेष आहेत. शाळेच्या पुस्तकात सागरी शोध, प्रबोधन आणि धर्मसुधारणा ही तीन स्वतंत्र प्रकरणे होती. कोकण किनाऱ्यावर आलेल्या गलबतांचा मार्टिन ल्यूथरच्या चळवळीशी खरोखर काही संबंध होता का? प्रोटेस्टंट पंथामुळेच युरोपात व्यापार वाढला, हे म्हणणे कितपत खरे? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : संबंध होता, आणि पैशाच्या वाटेने गेले की तो लवकर सापडतो. १५०५ साली फ्रान्सिस्को द आल्मेइदाचे पोर्तुगीज आरमार कारवारजवळच्या अंजदीव बेटावर आले आणि त्याने तेथे किल्ला बांधायला घेतला. मिऱ्याच्या व्यापारासाठी त्या आरमारातील काही जहाजांत जर्मन सावकारांचे भांडवल होते. आउग्सबुर्गच्या वेल्झर आणि फुगर या पेढ्या त्यांतल्याच. पुढे जर्मनीतील माइन्झचे आर्चबिशपपद मिळवण्यासाठी रोमला द्यावी लागणारी रक्कम आल्ब्रेख्त नावाच्या सरदारपुत्राने याच फुगर पेढीच्या याकोब फुगरकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडण्यासाठी पापमुक्तीपत्रे (पापांच्या शिक्षेत सूट देणारी चर्चची पत्रे) विकायची सोय झाली : निम्मी वसुली रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मी सावकाराला. या विक्रीवर पेढीच्या गुमास्त्यांची नजर असे. १५१७ मध्ये ल्यूथरने ९५ मुद्दे मांडले ते या विक्रीविरुद्ध. म्हणून मिऱ्याच्या नफ्यातून धर्मसुधारणा जन्मली असे मात्र कोणी समजू नये. ल्यूथरची तळमळ मोक्षासाठी होती, हिशेबासाठी नव्हे.

त्याच्या हाती जे साधन आले, ते मानवतावादी पंडितांनी घडवलेले होते. त्यांतल्याच इरॅस्मसने १५१६ मध्ये बाझल येथे बायबलमधील नव्या कराराची ग्रीक संहिता छापली. प्रचलित लॅटिन पाठ मूळ ग्रीकाशी ताडून पाहावा, हा त्याचा आग्रह होता. नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्या कामाशी याची जात जुळते. या ग्रीक संहितेवरून ल्यूथरने केलेला जर्मन अनुवाद सप्टेंबर १५२२ मध्ये निघाला. सुमारे तीन हजार प्रती हातोहात संपल्या आणि डिसेंबरातच दुसरी आवृत्ती काढावी लागली. पुढे इच्छास्वातंत्र्याच्या प्रश्नावर दोघांचे बिनसले आणि इरॅस्मस कॅथलिकच राहिला, हेही विसरू नये. ही चिकित्सक वृत्ती आपल्या किनाऱ्यावरही पोचली होती. गार्सिया द ओर्ता या वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात मिरी, आंबा, फणस यांविषयी ग्रीक व अरब आचार्य काय म्हणतात ते दिले, आणि डोळ्यांनी पाहिलेले त्याहून वेगळे असेल तेथे तसे स्पष्ट लिहिले. (तो ग्रंथही प्रश्नोत्तरांचाच आहे.) चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप अँटवर्पला निघाला. ओर्ता जन्माने ज्यू कुळातला. १५८० मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) त्याच्या अस्थी उकरून जाळल्या.

समाजात बदल झाले ते सरसकट मुक्तीचे नव्हते. मठ बंद पडले, धर्मगुरू संसारी झाले, कित्येक शहरांत गरिबांच्या मदतीचे काम नगरपरिषदांकडे आले. परंतु १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांची कत्तल झाली तेव्हा ल्यूथर सरदारांच्या बाजूने उभा होता.

आता दुसरा प्रश्न. प्रोटेस्टंट नीती आणि भांडवलशाही यांचे नाते जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये मांडले, तेव्हापासून ते सूत्र जरा जास्तच सोपे करून सांगितले जाते. फुगर घराणे कॅथलिक होते, व्हेनिस आणि अँटवर्प येथील बाजार ल्यूथरच्या आधीच भरभराटीला आले होते, आणि स्वतः ल्यूथरने १५२४ मध्ये व्यापाऱ्यांच्या नफेखोरीवर व व्याजावर कडक टीका लिहिली. माझ्या मते पंथाच्या शिकवणीपेक्षा पंथामुळे झालेल्या स्थलांतराने अधिक काम केले. १५८५ मध्ये कॅथलिक स्पेनने अँटवर्प घेतले आणि प्रोटेस्टंटांना शहर सोडण्यासाठी चार वर्षांची मुदत दिली. त्यांतले पुष्कळ व्यापारी भांडवल, ओळखीपाळखी आणि कसब घेऊन ॲम्स्टरडॅमला गेले. तेथेच १५९६ मध्ये, गोव्याच्या आर्चबिशपकडे काही वर्षे चाकरी केलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाचे पुस्तक निघाले आणि पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी माहिती सर्वांना खुली झाली. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या ज्या डच कंपनीची वखार तुमच्या गावी आहे, तिला भांडवल आणि माहिती दोन्ही अशी आयती मिळाली.