जाऊबाईंची गोळी अर्ध्या तासात लागू पडते, माझी का नाही?

ताईंनी पर्समधून दोन स्ट्रिप काढून टेबलावर ठेवल्या. एक त्यांची स्वतःची, चिंतेवरच्या एस्सिटालोप्राम या औषधाची, पाच गोळ्या संपलेली. दुसरी म्हणजे कात्रीने कापलेला तुकडा. त्यात दोनच गोळ्या आणि चंदेरी कागदावर नावाचं शेपूट तेवढं उरलेलं : ‘झेपाम’.

“मॅडम, ही जाऊबाईंची. त्यांनी घेतली की अर्ध्या तासात धडधड थांबते. मी पाच दिवस माझी घेतेय, तर उलट मळमळतंय. डॉक्टरांनी मला हलकं औषध दिलंय का?”

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ताईंचं वय पंचेचाळिशीचं, नोकरी पतसंस्थेत. सात-आठ महिने काळजीने झोप उडालेली. त्यांचा हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी ऐकू येतो. गोळी ठरवणं किंवा बदलणं माझं काम नाही, ते मानसोपचारतज्ज्ञांचं. पण दोन गोळ्यांची तुलना कशी करतात, ते मी सांगू शकत होते.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ कार्ल रिकल्स आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. सततच्या चिंतेने त्रस्त 230 रुग्ण, आठ आठवडे. काहींना डायझेपाम, म्हणजे जाऊबाईंच्या गोळीच्याच घराण्यातलं औषध. काहींना इमिप्रामिन किंवा ट्रॅझोडोन ही नैराश्यावरची औषधं आणि काहींना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. पहिल्या दोन आठवड्यांत डायझेपाम सगळ्यांच्या पुढे होतं. धडधड, थरथर, अंगातला ताण त्याने चटकन उतरला. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ट्रॅझोडोनने त्याला गाठलं आणि इमिप्रामिन थोडं पुढेच गेलं. ज्यांनी आठही आठवडे पुरे केले, त्यांच्यापैकी चांगला फरक पडलेले असे : इमिप्रामिन 73 टक्के, ट्रॅझोडोन 69, डायझेपाम 66.

“म्हणजे पाचव्या दिवशी निकाल लावला असता तर जाऊबाईंची गोळी जिंकली असती,” ताई म्हणाल्या. हिशोबाची सवय असलेलं माणूस, लगेच ओळखलं त्यांनी.

ताईंचं औषध त्या चाचणीत नव्हतं, हेही मी सांगितलं. पण तेही सावकाशच चढतं. दोन ते चार आठवडे, कधी सहासुद्धा. सुरुवातीला मळमळ, थोडी अस्वस्थता अनेकांना होते आणि बहुतेकांची ओसरते.

मग मी चौथा आकडा सांगितला. प्लासिबोवाल्यांपैकीही 47 टक्के लोकांना बरं वाटलं होतं.

ताई गप्प झाल्या. तो कापलेला तुकडा बोटाने फिरवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “परवा ऑडिट होतं. ही गोळी मी घेतलीच नाही. नुसती पर्समध्ये होती. तरी दिवस निभावला.”

मला हे फार मोलाचं वाटलं. त्यांची धडधड खोटी नव्हती आणि तो दिलासाही खोटा नव्हता. हाताशी काहीतरी आहे, एवढ्यानेही शरीर सैल होतं. औषधाचं श्रेय औषधालाच मिळावं म्हणून तर चाचणीत सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधायची. तरी ती कधी कधी सरकते, कारण डायझेपामने गुंगी आली की रुग्णाला अंदाज येतोच. घरात तर पट्टी मुळातच नसते. जाऊबाई शेजारी बसून “बघ, थांबलं ना?” विचारत असतात.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. मळमळीबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा आणि त्यांना विचारल्याशिवाय गोळी थांबवायची नाही. दुसरं, रोज रात्री चिंतेला दहापैकी गुण द्यायचे, मागचं पान न उलटता. दुधाच्या हिशोबाच्या वहीतच त्यांनी शेवटून सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात 8, 7, 8. पाचव्या आठवड्यात 5, 4, 5, आणि एका रविवारी 3.

जाऊबाईंची स्ट्रिप त्यांनी परत केली, तेव्हा कळलं की जाऊबाई दीड वर्षापासून रोज ती घेताहेत आणि एक दिवस चुकला तरी हात कापतात. अशी सवय लागलेली गोळी एकदम सोडणं धोक्याचं असतं, म्हणून मी दोघींना त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. आता जाऊबाईंची मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी उतरवली जातेय.